काका कुणाकडे बघत होते

काशी स्टेशनावरून सकाळच्या शटलने मुगलसरायला कामावर जाणाऱ्यांत एक म्हातारा मराठी क्लार्क होता, तो बायकांकडे टक लावून बघत बसायचा, आणि एकदा त्याने एका परक्या बाईची वाट अडवली म्हणून भर डब्यात त्याला मार बसला, ही गोष्ट अजून सांगितली जाते. गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात बनारसचे एक गृहस्थ भेटले. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता त्यांनी ती सांगितली. त्या क्लार्कचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ऐकणारे हसले. मी त्यांच्यातच बसलो होतो आणि मीही थोडा हसलो.

त्या गोष्टीतला मार खरा आहे. बाकीचं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे सांगू शकेल असा माझ्याखेरीज आता कुणी उरलेला नाही. मी ऐंशी ओलांडली आहे. आणखी किती दिवस मीच उरणार आहे, ते ठाऊक नाही.

मी त्यांना काका म्हणत असे. नाव लिहीत नाही. इतकी वर्षं ती गोष्ट त्यांच्या नावावाचून फिरते आहे; निदान मी तरी ते नाव तिला चिकटवू नये.

बदली होऊन मी वऱ्हाडातून तिकडे गेलो तेव्हा पंचविशीत होतो आणि काका पन्नाशीच्या जवळ आले होते. रेल्वेची कचेरी मुगलसरायला, पण मराठी माणसं राहायला गंगेच्या अलीकडे, बनारसात. काकांचं घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत होतं. पेशव्यांच्या काळात कुणी पूर्वज तिथे आले आणि राहिले. काकांनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. मी त्यांच्या मराठीला एकदा हसलो तेव्हा ते म्हणाले, "अरे बाबू, आमची मराठी पेटीत ठेवलेली आहे. थोडी कसर लागलीय. पण कापड असली आहे, बघून घे."

घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच. बहीण बालविधवा. तिला मी आत्या म्हणू लागलो. काकांनी लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पुलावरून शटल जायची तेव्हा डब्यातला प्रत्येक माणूस खिडकीशी जायचा. उजवीकडे घाटांची ती सगळी रांग दिसते; जगातून माणसं ती बघायला येतात. काका त्या वेळी खिडकीकडे पाठ करून बसायचे. "घाट कुठे जातात? ते उद्या पण आहेत," ते म्हणायचे. "ही माणसं उद्या नाहीत." आणि मग ती बघत बसायचे. काळी छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी, तिच्या मुठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. पापणी लवायची नाही. गाणं ऐकायला पुढे बसलेला माणूस जसा बघतो तसं.

त्यांनी प्रवाशांची घराणी पाडली होती. बनारसचाच माणूस, दुसरा कुठला शब्द सुचणार? पहिलं दूधवाल्यांचं घराणं. हे लोक आपल्या कासंड्या खिडकीच्या गजांना बाहेरून टांगायचे आणि आत गमछा पसरून पत्ते कुटायचे. "हे हरणाऱ्याला शिव्या देत नाहीत, जिंकणाऱ्याला देतात. बघ." खरोखर तसंच असायचं. दुसरं गठ्ठेवाल्यांचं. विणकरांचा माल घेऊन जाणारे हे लोक जुन्या चादरीत नव्या साड्या बांधून त्या गठ्ठ्यावरच बसत, बाकावर जागा असली तरी. तिसरं कज्जेवाल्यांचं. जमिनीच्या भांडणासाठी कचहरीला जाणारे हे भाऊबंद एकाच गावाहून एकाच गाडीने येत, समोरासमोर बसत, आणि वकिलाच्या दारापर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत.

अशाच एका जोडीपायी काका एकदा काशी स्टेशनला उतरलेच नाहीत. त्या दिवशी आम्ही शटल चुकवून पुढे जाणारी पॅसेंजर पकडली होती. दोघं भाऊ डब्यात कडाडून भांडत होते आणि काकांना शेवट बघायचा होता. मी उतरलो. काका पुढे थेट जौनपूरला गेले आणि मिळेल त्या गाडीने परत आले. आत्या दारात उभी होती. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "मिटलं का भांडण?"

"नाही रे. कुठलं मिटतंय. पण जौनपूरच्या अलीकडे मोठ्याने तंबाखू मळली आणि अर्धी त्याच्यासमोर धरली. तोंड तिकडेच. त्याने पण तोंड न वळवता घेतली." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे.

आणि मग बनारसचं म्हणून जे घराणं, ते. अंत्यसंस्काराचं. प्रेत घेऊन येणारे बहुधा मोटारीच्या टपावरून आणत; पण अस्थी घेऊन येणारे, आणि मणिकर्णिकेवर सगळं आटपून परत जाणारे, आमच्याच गाडीत असत. काका त्यांना सर्वांत जास्त बघायचे. कोण रडतो, कोण दुसऱ्याच्या रडण्याकडे बघतो, कोण कचौरीचा द्रोण सगळ्यांच्या आधी हातात घेतो. "जो पहिला खातो तोच जास्त थकलेला असतो. लोक त्याला नावं ठेवतात. गलत आहे ते." त्यांचं गणित असं की, नुकतंच मुंडन केलेलं डोकं ज्याचं, त्याने सगळं केलं, बाकी सोबतीला आलेले. अशा माणसाला ते उठून आपली जागा द्यायचे. मात्र बोलायचे नाहीत. हा त्यांचा नियम होता. "बघावं. बोलू नये. बोललो की ते आपलं हाल सांगू लागतात, आणि जे सांगतात ते काही ते नसतात."

हे सगळं ते बघत कुणासाठी, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एका संध्याकाळी त्यांनी मला जेवायला नेलं. पाटावर बसतो न बसतो तोच आत्या म्हणाली, "हं दादा. आज कोण कोण?" आणि काका सांगू लागले. चंदौलीकडची वरात होती. नवऱ्या मुलाला उलटी झाली, त्याच्या मेव्हण्याने स्वतःचा फेटा काढून त्याचं तोंड पुसलं. आत्या पोळी लाटता लाटता थांबून विचारत होती: "नवा फेटा?" "रंग कोणता?" "मग उघड्या डोक्याने बसला का तो लग्नात?" लहानपणी विधवा होऊन ती त्या घरात आली, ती घाटाच्या पायऱ्या आणि देवळं यांपलीकडे कुठे गेलीच नाही. आगगाडीत बसल्याचं तिला आठवत नव्हतं. तो सगळा डबा काका रोज तिच्यासाठी घरी आणत होते.

आता त्या कुटुंबाबद्दल.

संध्याकाळची शटल होती, मुगलसरायहून काशीकडे. मुंबईकडून येणाऱ्या मेलने उतरलेले तिघं आमच्या डब्यात चढले. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि मी सरसावून बसलो. वऱ्हाडी बोलत होते. किती महिन्यांनी मी ती ऐकत होतो.

म्हातारी सुनेला सांगत होती, "मांजरीले दूध घालाले शेजारणीले सांगून आली मी. चार दिस म्हणलं. चार दिसाच्या वर झालं त तिलेही जड जाते."

सून खिडकीबाहेर बघत होती.

"काव माय, ऐकतं काय? चार दिसात वापस होतो ना आपण?"

"हो," सून म्हणाली.

काका समोरच्या बाकावरून बघत होते. त्यांना ती बोली पुरती कळत नव्हती. पण स्टेशन जवळ आलं तेव्हा ते माझ्या कानाशी वाकले. "ही म्हातारी परत जाणार नाही."

"काशीवास करायला आली असेल," मी म्हटलं.

"काशीवासवाली अशी येत नाही. ती आपले देव आणते, शेगडी आणते, लोणच्याची बरणी आणते. संसार घेऊन येते. हिचं गाठोडं बघ. त्या दोघांची ट्रंक निराळी, हिचं गाठोडं निराळं. आणि हिला काहीच मालूम नाही."

गाडी थांबली. काका भाजी घ्यायची म्हणून पुढे गेले. मी मागे राहिलो. मला त्या माणसांशी बोलायचं होतं. कुठले, कुणाचे, पाऊसपाणी काय म्हणतं. त्या माणसाने मला बाजूला घेतलं. तो मला साहेब म्हणत होता. कचेरीत मला कुणी साहेब म्हणत नव्हतं.

"साहेब, म्हाताऱ्या बाया राह्यतात असं एखादं ठिकाण आहे काय इथं? आपल्या लोकाइचं. आईची लय इच्छा आहे काशीत डोळे मिटाची."

अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत तसं एक घर होतं. देशाकडून आलेल्या पाच-सात विधवा तिथे एका बाईंच्या देखरेखीखाली राहत. मी त्याला वाट सांगितली; रिक्षावाल्यालाही समजावलं. म्हातारी रिक्षाच्या दांडीला धरून उभी होती. मला म्हणाली, "देवासारखा भेटला रे बापा."

मांजरीचं बोलणं मी ऐकलं होतं. चार दिवसांचं ऐकलं होतं. तिची इच्छा नाही, हे मला तो विचारत होता तेव्हाच माहीत होतं. तरी मी सांगितलं. यात माझा काही स्वार्थ नव्हता. त्याने माझ्या भाषेत मला साहेब म्हटलं आणि मी साहेब झालो, इतकंच. पुण्याचं काम केल्यासारखं वाटून मी घरी गेलो आणि छान झोपलो.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "त्या बुढियाला कुठे उतरवलं असेल रे?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक." का म्हटलं, सांगता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा असं काही होतं की, खरं सांगितलं असतं तर ते लगेच छत्री उचलून तिकडे निघाले असते. मला कामावर जायचं होतं.

आठवडा उलटला असेल. सकाळची शटल, नेहमीची गर्दी, दूधवाले, शिकणारी पोरं. काशी स्टेशनावर ते दोघं चढले. नवरा आणि बायको. त्याची ट्रंक, तिच्या मांडीवर विश्वनाथ गल्लीतली बांगड्यांची पेटी. म्हातारी नाही.

काका बघत होते. मी काकांकडे बघत होतो. गाडी पुलावर आली. ते म्हणाले, "डोकं बघ त्याचं."

मी बघितलं. तेल लावून चापून बसवलेले केस होते.

"मुंडन नाही," काका म्हणाले. "आई गेली नाहीये. जिवंत आहे ती. ठेवून चाललेत."

"काका, आपल्याला काय करायचंय?"

"तिने सांगितलं होतं ना चार दिवस? तू ऐकलंस ना?"

ते उठले. इतक्या वर्षांचा नियम मोडून उठले. आणि त्यांच्या हातून चूक झाली ती इथे. ते नवऱ्याकडे गेले नाहीत, बायकोसमोर जाऊन उभे राहिले. त्यांची एक समजूत होती की नवराबायकोत खरं आधी बाईच्या तोंडून निघतं. घरात बहिणीशी बोलावं तसं ते तिच्या अंगावर वाकले. "बाई, सासू कुठे आहे तुमची?"

तिने पदर तोंडावर ओढला. काका आणखी वाकले. "रडू नका. फक्त सांगा, कुठे ठेवलीत?" गाडीने हिसका दिला. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावरच्या फळीला हात लावला. ती उठू बघत होती आणि तिची वाट त्यांच्या हाताने अडली होती. डब्याने पाहिलं ते एवढंच. डब्यात दुसऱ्या कुणाला मराठी येत नव्हतं.

नवरा ओरडला, "मेरी औरत को छेड़ता है!"

कुणीतरी म्हणालं, "अरे यह बुड्ढा तो रोज ताकता है सबको."

"आँख फाड़ के देखता है. हम तो कब से देख रहे हैं."

"पंडितजी, उमर का लिहाज़ करो."

पहिली थप्पड कुणी मारली ते मला दिसलं नाही. मग पुष्कळ हात आले. चष्मा खाली पडला, त्यावर कुणाचा तरी पाय पडला. काका मार खाताना ओरडले नाहीत. ते गर्दीत मला शोधत होते. "अरे, तू सांग यांना. सांग ना." मी बाकावरून उठलो होतो. त्याच वेळी त्या माणसाचीही नजर माझ्यावर पडली. त्याने मला ओळखलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मग मी गप्प आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि तो सावरला.

मुगलसरायला त्यांना पोलिसांच्या खोलीत नेलं. मी सोबत गेलो, तेवढं केलं. जमादाराने विचारलं, "आप इनके साथ हैं? क्या किया इन्होंने?"

खरं सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागत होतं. म्हातारी कुठे आहे, तिथे ती कशी पोचली, वाट कुणी दाखवली. तो माणूस माझ्याकडे बघत होता. काकाही बघत होते, चष्म्याविना, डोळे बारीक करून.

मी म्हणालो, "जी, देखते तो हैं. रोज देखते हैं."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

त्या दोघांची पुढची गाडी होती. ते निघून गेले. काकांचं कुणी ऐकून घेतलं नाही; माफी लिहून घेऊन पोलिसांनी त्यांना सोडलं. कचेरीत साहेबांनी विचारलं तेव्हाही मी तेच वाक्य मराठी वळणाच्या इंग्रजीत सांगितलं. काकांना मालधक्क्यावरच्या एका पत्र्याच्या खोलीत बसवलं. आठ दिवसांत गोष्ट गंगा ओलांडून दुर्गाघाटावर पोचली. कीर्तनाला बायका आत्यापासून सरकून बसू लागल्या. आत्याने कीर्तनाला जाणं सोडलं. आणि काका सांगायचे की, ताट वाढताना तिने 'आज कोण कोण' विचारणंही सोडलं. "विचारत नाही ती. मी सांगू लागलो तर भांडी घासायला उठते," एवढंच ते बोलले.

तुम्हाला वाटेल, ते माझ्याशी कसे बोलत होते. बोलत होते. त्यांनी मानलं की मी घाबरलो. "तरुण आहेस, नोकरी नवी आहे. होतं असं." हे मला त्या थपडांपेक्षा जड गेलं. पण जड गेलं म्हणून मी काही केलं नाही.

दर सुट्टीच्या दिवशी ते म्हातारीला शोधत हिंडायचे. राजघाटाकडून सुरुवात करून एकेक घाट, एकेक गल्ली, म्हाताऱ्या बाया राहतात अशी एकेक कोठडी. मला एका शब्दात तो शोध संपवता आला असता. थंडी गेली, उन्हाळा आला. एका सोमवारी सकाळी ते मालधक्क्यावरून माझ्या टेबलापाशी आले. "सापडली. अमृतराव घाटावर. सगळ्या बाया गंगेकडे तोंड करून बसल्या होत्या, एकटी पायऱ्यांकडे तोंड करून. लगेच ओळखलं. येत्या रविवारी तू पण चल. तुझ्या बोलीत बोल तिच्याशी. बरं वाटेल तिला."

मी सबबी काढल्या. त्यांनी ऐकलं नाही.

ती भिंतीशी बसली होती. अंग निम्मं झालं होतं. शेजारी गाठोडं होतं, गाठ न सोडलेलं. आम्ही वाकून उभे राहिलो. तिने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि तिचं तोंड फुललं.

"अव बाई! हा तोच ना! यानंच त रस्ता सांगतला होता आमाले टेसनावर." मग ती काकांकडे वळली. "लय चांगलं पोरगं हाय. रिक्षावाल्यालेही यानंच समजावलं. माह्या लेकाले लय आसरा वाटला याचा."

बोली पुरती कळत नव्हती, तरी एवढं काकांना कळलं.

मी खाली बघत होतो. काका तिला म्हणाले, "हो आजी. चांगला आहे तो."

"लेकाचं काही समजलं काय रे?" तिने मला विचारलं. "येतो म्हणला. सुटी नसन भेटली."

"येईल," मी म्हटलं.

परतताना गल्लीत मी त्यांना म्हणालो, "काका, हिला साहेबांपुढे नेऊ. सगळं स्वच्छ होईल." माझ्या तोंडून हे कसं निघालं माहीत नाही. मनातून मी ते नको म्हणतील याची वाट बघत होतो.

ते चालतच होते. "तिला काय विचारतील? मुलाने टाकलं का, हेच ना? ती काय म्हणेल? नाही म्हणेल. आणि नाही म्हणताना पहिल्यांदा तिला कळेल." पुढच्या वळणावर ते थांबले. "तू तिला भेटत जा मधून मधून. तुझ्यावर विश्वास आहे तिचा."

मी एकदाही गेलो नाही. काका जात राहिले.

शटलमध्ये ते त्यानंतरही बसत. पण आता दाराशी, लोकांकडे पाठ करून, पुलावरून घाट बघत. लोक म्हणत, म्हातारा सुधारला.

दीड-दोन वर्षांनी एका सकाळी ते गाडीत आले ते मुंडन करून. मिशी नाही, भुवयांच्या वर पांढरी फटफटीत कातडी. डब्यात खसखस पिकली. "पंडितजी ने प्रायश्चित्त कर लिया!" दुर्गाघाटावरही तोच अर्थ निघाला: इतक्या दिवसांनी मन खाऊ लागलं, म्हणून केस दिले. कुणी वारलं असावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण काकांचे आईवडील केव्हाच गेले होते आणि मागे कुणी नव्हतं. मला तेव्हाच शंका आली होती. महिनाभराने अमृतराव घाटाच्या त्या घरातल्या बाई बाजारात भेटल्या आणि त्यांनी सांगितलं. म्हातारी तापाने गेली. मुलाच्या पत्त्यावर दोनदा कळवलं होतं, उत्तर नाही. मणिकर्णिकेवर अग्नी काकांनी दिला आणि मुलाने करायचं ते सगळं केलं.

हे त्यांनी आत्यालाही सांगितलं नव्हतं. सांगायला बसले असते तर म्हातारी इथे कशी आली हे आत्याने विचारलंच असतं. आत्या मला अजून सणासुदीला जेवायला बोलवत होती.

काका निवृत्त झाल्यावर फार जगले नाहीत. तेराव्याचं जेवण झालं, माणसं पांगली. मी निघालो तेव्हा आत्या म्हणाली, "जरा बस. चहा टाकलाय." ती खूप वाळली होती. कप माझ्यापुढे ठेवून ती समोर जमिनीवर बसली.

"तू होतास ना रे त्या दिवशी डब्यात?"

"होतो."

"मी दादाला कधीच विचारलं नाही. माझी जीभ उचलली नाही. पण मला मनातून वाटायचं, तसा नाही तो. मग त्याने ते मुंडन केलं आणि मी चक्करच खाल्ली. काही पाप नव्हतं, तर केस कशाला दिले? रात्र रात्र मी हेच करत होते. असेल, नसेल. असेल, नसेल." तिने माझ्याकडे बघितलं. "तुला मालूम असेल. ते मुंडन कशाचं होतं?"

मला उत्तर पाठ होतं. एक म्हातारी, तिचा मुलगा, आणि मुलाच्या जागी उभा राहिलेला तुझा भाऊ. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझं नाव त्यात येऊ न देताही सांगता आलं असतं, हे मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी सुचलं. त्या क्षणी मला फक्त रिक्षाच्या दांडीला धरून उभी असलेली म्हातारी दिसत होती.

मी म्हणालो, "आत्या, गेलेल्या माणसाचं आता कशाला काढायचं?"

तिने हळूहळू मान डोलावली.

"हं," ती म्हणाली. "बरं झालं तू सांगितलंस. एवढी वर्षं डोक्यात भुंगा होता. आता निदान झोप तरी लागेल."

मी काही सांगितलं नव्हतं. चहा गार होण्याआधी संपवला आणि जिना उतरलो.